कोकरांच्या गाडीतली क्राउन-पिनियन

जुन्या गाड्या उभ्या करणाऱ्यांच्या धंद्यात एक नियम होता आणि तो मी देवपूजेहून नेमानं पाळला. जो भाग हवा असेल त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. कार्ब्युरेटर हवा असेल तर दिवे मागायचे. दिवे हातात घेऊन नाक मुरडायचं, ते परत ठेवायचे, निघाल्यासारखं करायचं आणि दारातून वळून म्हणायचं, "बरं, एवढ्या लांबून आलोय, तो गंजका डबा तरी टाका पिशवीत." तो गंजका डबा म्हणजे कार्ब्युरेटर. तुमची गाडी नेमकी कशासाठी अडली आहे हे समोरच्याला कळलं, की तुम्ही मेलात.

या कामात मी पटाईत होतो. गावातल्या नाटकांत मी राजा, भिकारी, सासू, सगळं करून चुकलो होतो. माझ्या भागीदाराला, मिस्त्रीला, मात्र हे जमत नसे. तो निजामाच्या मोटारखात्यात शिकलेला, खाली मान घालून काम करणारा माणूस. पंप हवा असेल तर "पंप आहे का?" असं सरळ विचारायचा आणि मार खाऊन परत यायचा. म्हणून धाराशिवच्या बसस्टँडजवळ चिंचेखाली आमचं जे पत्र्याचं गॅरेज होतं, त्यात हात त्याचे आणि जीभ माझी, अशी वाटणी होती.

संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जहागिरी गेल्या होत्या, आणि जहागीरदारांच्या मोटारी त्यांच्या आचाऱ्यांकडे, कारकुनांकडे, कुळांकडे येऊन पडल्या होत्या. लढाईच्या आधीच्या अमेरिकन गाड्या, पुढं लांबलचक नाक आणि मागं लाकडी हौदा. कारखान्यांनी त्यांचे भाग बनवणं केव्हाच सोडलं होतं. मग आम्ही बनवायचो. जिनिंगच्या जुन्या पट्ट्याचे ब्रेक, चांभाराकडून कापून घेतलेले चामड्याचे वायसर, रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याच्या पाचरी. तांबटानं पातेल्याच्या बुडातून कापून दिलेलं गॅस्केट दोन वर्षं टिकलं होतं, आणि त्या पातेल्याची मालकीण अजून माझ्याशी बोलत नाही. रेडिएटर गळत असेल तर मूठभर हळद. आमच्या गॅरेजमधून निघालेली गाडी चढावर तापली की लग्नघरासारखा वास सुटायचा.

अशा दिवसांत ड्रायव्हरसाहेब आले.

त्यांना साहेब म्हणावंच लागे. साठी उलटलेली, मेंदीनं रंगवलेली दाढी, पितळी बटणांचा खाकी कोट, अंगात काडीइतकं मांस नाही आणि मान मात्र राजवाड्याच्या खांबासारखी ताठ. वीस वर्षं ते एका जहागीरदाराचे खास ड्रायव्हर होते. जहागीर गेल्यावर सरकार हैदराबादला निघून गेले आणि शिकारीची हिरवी पिकअप त्यांना देऊन गेले. चार बैल लावून ती त्यांनी आमच्या चिंचेखाली आणली, वर स्वतः स्टिअरिंगच्या चाकामागं बसून.

"ए नौटंकी," पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "हात पुसून हात लाव. सरकारची गाडी आहे."

"कुठलं सरकार, साहेब? ते तर बदललं."

चहाच्या हॉटेलातली माणसं हसली. मिस्त्रीनं माझ्याकडे डोळे वटारले. तो आणि साहेब एकाच धर्माचे, आणि दोघांचीही जुनी नोकरी निजामीतली. ड्रायव्हरसाहेबांनी अख्खी मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. ते नुसते डोळे कधी फिरवत नसत. बगळ्यासारखी पूर्ण मान वळवायचे. मला वाटायचं, हा रुबाब आहे. मी त्याची नक्कल करायचो आणि हॉटेलवाला मला चहा फुकट द्यायचा.

त्यांचं गणित सगळ्या बसस्टँडला पाठ होतं, कारण ते स्वतःच ऐकवत. महिन्याच्या शेवटी मोटार इन्स्पेक्टर कॅम्पला येणार. त्या दिवशी पिकअप स्वतःच्या चाकांवर चालून पास झाली, तर धाराशिव ते येरमाळा माल वाहण्याचं परमिट मिळणार. नाही झाली तर सोलापूर. सोलापुरात एकुलती एक मुलगी आणि जावई. "जावयाच्या दारात खाट टाकून बसणारा सासरा मी होणार नाही," असं ते मिस्त्रीला रोज एकदा सांगत. मग खुर्ची ओढून बसत आणि माझ्या कामात चुका काढत. मी पाना धरला की, "असा पाना आमचा खानसामा धरायचा." मी नट आवळला की, "आता मिस्त्री, तुम्ही एकदा आवळा." मी जळत होतो, हसत होतो आणि वाट बघत होतो.

मिस्त्रीनं इंजिन बोलतं केलं. ब्रेक लागले. हौद्याला सुतारानं नव्या फळ्या मारल्या. पहिल्या चक्करीला गाडी स्टँडभोवती निम्मी फिरली आणि मागच्या आसातून चरकात दगड पडल्यासारखा आवाज आला. झाकण उघडलं तर तेल चांदीसारखं चकाकत होतं. लोखंडाचा चुरा. क्राउनचे पाच दात गेले होते.

क्राउन म्हणजे जेवणाच्या ताटाएवढं दातेरी चाक, आणि पिनियन म्हणजे त्याला फिरवणारा मुठीएवढा दातेरी गट्टू. इंजिनाचा जोर याच जोडीतून मागच्या चाकांना मिळतो. कारखान्यात दोघांना एकमेकांवर घासून जुळवलेलं असतं. एकाचं क्राउन आणि दुसऱ्याचं पिनियन एकत्र नांदत नाहीत, आठ दिवसांत एकमेकांना खातात. मिस्त्रीनं दात भरून पाहिले. गाडी पोलीस ठाण्यापर्यंत गेली आणि दात परत गेले. मी सोलापूरचं भंगार पालथं घातलं, हैदराबादच्या जुन्या बाजारात आरसे मागितले, दारं मागितली, पायदान मागितलं. त्या बनावटीची गाडीच कुणाकडे नव्हती.

इन्स्पेक्टरला पंधरा दिवस उरले असताना एका बसचा कंडक्टर चहा पिता पिता म्हणाला, "असल्याच थोबाडाची एक गाडी माकणीच्या शिवारात बघितलीय. मेंढरं बसतात तिच्यात."

दुसऱ्या दिवशी मी लोहाऱ्यापर्यंत बसनं आणि पुढं एका बैलगाडीतून माकणीला गेलो. तेरणेच्या काठाला, बाभळीखाली ती उभी होती. चाकं नाहीत, इंजिन नाही, चार दगडांवर टेकलेली. रस्त्याचा कुणी ठेकेदार काम अर्धवट टाकून गेला तेव्हा तिलाही टाकून गेला होता. हौद्याला बाभळीच्या काटक्यांचं झापड होतं, आणि आतून पंधरा-वीस कोकरं माझ्याकडे प्रेक्षकांसारखी बघत होती. तिथं मालक म्हणून एक धनगर बसला होता. माझ्या बापाच्या वयाचा, खांद्यावर घोंगडी, गुडघ्यांवर आडवी काठी.

आता माझा प्रवेश. मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मागच्या आसाकडे चुकूनही पाहिलं नाही. हौद्यावर थाप मारली, उसासा टाकला.

"बाबा, हा हौदा द्या मला. बाकी सगळं भंगार आहे, पण हौदा नेईन म्हणतो."

"हौदा?"

"फक्त हौदा."

"आन् कोकरं कुठं ठिवू? तुमच्या डोक्यावर?" म्हातारा उठून उभा राहिला. "गेल्या हिवाळ्यात लांडग्यानं जाळी फाडून तीन नेली. ह्या गाडीत ठिवाय लागल्यापासनं एक बी गेलं न्हाई. आन् तुमी त्येच मागतासा?"

सगळं बेतल्याप्रमाणं चाललं होतं. मी हात जोडले. "चुकलो, बाबा. हौदा राहू द्या. मग असं करा, एवढ्या लांबून आलोय, खाली मागच्या बाजूला एक सडका गियर आहे, तो तरी द्या. रिकाम्या हातानं जाऊ नये."

म्हातारा परत खाली बसला. चंची काढली, तंबाखू मळली आणि हसला.

"पाव्हणं, म्या बी जनावरांचा बाजार केलाय. जे मेंढरू घ्यायचं असतंय, त्याच्याकडं बघायचं न्हाई. व्हय का न्हाय?"

मी कोकरांकडे बघू लागलो.

"पहिल्या धडाक्यात म्हणला असता तर दिलं असतं की. खाली काय हाय, मला ठावं बी न्हाई. कोकरांना त्याचं काय करायचंय? पर तुमी माझ्या कोकरांचं घर मागितलं. आता सांगा, गाडी कुणाची?"

इथं मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा जास्त थाटात केली. मला वाटलं, मोठं नाव ऐकून म्हातारा दबेल. मी छाती फुगवून जहागीरदाराचं नाव घेतलं. शिकारीची गाडी. हिरवी. पितळी कठड्याची. आणि तिचे खास ड्रायव्हर, ज्यांना सगळा जिल्हा साहेब म्हणतो.

मळलेली तंबाखू म्हाताऱ्याच्या तळहातावर तशीच राहिली.

"तेच हाईत का अजून? जित्तं?"

"आहेत की."

"ह्याच वाटंवर," तो म्हणाला. "वड्याच्या वळणावर. म्या म्होरं व्हतो, मेंढरं मागनं वर चढत व्हती, बाजूनं. गाडी आली ती थेट त्यातनं. नऊ मेंढरं गेली. माझा म्होरक्या एडका गेला, आडवा पडून पाय झाडत व्हता. गाडी थांबली न्हाई. मागं वळून बघितलं बी न्हाई. सरकारची गाडी! म्या कुणाकडं जाणार व्हतो?"

त्यानं तळहातावरची तंबाखू झटकून टाकली. मग त्यानं अट घातली. पैसा नको. ड्रायव्हरनं स्वतः यावं. त्याच ओढ्यापासून माकणीच्या वेशीपर्यंत, दोन कोस, कळपामागं चालावं. मेंढरं हाकावीत. सगळ्या वाटेनं ते बघावं. मग काय सडका गियर न्यायचा तो न्या.

मी आनंदानं वेडा झालो. परतीच्या बसमध्ये माझं मलाच हसू येत होतं. इतक्या दिवसांच्या "नौटंकी"चं उत्तर एका म्हाताऱ्यानं माझ्या झोळीत टाकलं होतं. ही अट मी मिस्त्रीच्या कानात सांगू शकलो असतो. मी हॉटेल भरायची वाट पाहिली. मग बाकावर उभा राहून, म्हाताऱ्याच्या आवाजात, एडक्याच्या पाय झाडण्यासकट सगळा प्रवेश करून दाखवला.

ड्रायव्हरसाहेब खुर्चीत बसून होते. "झालं तुझं?" त्यांनी विचारलं. मग छत्री उचलून निघून गेले.

सहा दिवस ते फिरकले नाहीत. मिस्त्री माझ्याशी बोलला नाही. सातव्या दिवशी सकाळी ते आले. हातात जावयाचं पत्र होतं. ते त्यांनी मिस्त्रीसमोर ठेवलं. जावई चांगला माणूस असावा. त्यानं लिहिलं होतं की दाराजवळची खोली झाडून ठेवली आहे, खाटही नवी विणून घेतली आहे, केव्हाही या.

"चल, नौटंकी," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माकणीला जाताना त्यांनी तोच कोट घातला, इस्त्री करून. बटणं घासली होती. मी कंडक्टरकरवी आधीच निरोप धाडला होता, त्यामुळे वाटेवर माणसं उभी होती. पारावर, विहिरीवर, शेतांच्या बांधांवर. लोकांना वाटलं काही मिरवणूक आहे, आणि ती होतीच. पुढं कळप, मागं पितळी बटणांचा ड्रायव्हर हातात फोक घेऊन, त्यांच्या बाजूला पाच पावलांवर धनगर आणि सगळ्यांच्या मागं मी, माना डोलावत, त्यांच्या बगळी चालीची नक्कल करत.

"हाका की साहेब, हाका!" एक जण ओरडला. "गियर टाका!"

"हॉर्न न्हाय का हो डायवर?" बांधावरची एक बाई म्हणाली.

ते चालत राहिले. पहिल्या अर्ध्या कोसातच त्यांचा पाय एका मेंढीवर पडला आणि ते बाभळीच्या काट्यात पडले. लोक हसले, सर्वांत जास्त मी. उठले, कोट झटकला, चालू लागले. थोड्या वेळानं उजवीकडून येणाऱ्या एडक्याला धडकले. मग परत. शेवटी ते एका चराच्या काठावरून घसरले, तो चर त्यांच्या डाव्या हाताला सरळ, उघडा पडलेला होता. लोकांना हसून हसून उचकी लागली. मला वाटलं, साहेबांचा रुबाब मोडला, आता त्यांना नीट चालताही येत नाही.

धनगर हसत नव्हता. तो त्यांच्याकडे बघत चालला होता, बाजारात जनावराकडे बघावं तसं. वेशीजवळ आल्यावर तो त्यांच्या डाव्या बाजूला गेला आणि अचानक काठी उचलून त्यांच्या कानशिलापाशी आणली, बोटभर अंतरावर. माझीसुद्धा मान मागं गेली. ड्रायव्हरसाहेबांची पापणी हलली नाही. ते समोर बघत उभे होते. धनगर उजव्या बाजूला गेला, तिथंही तसंच केलं. पापणी हलली नाही.

"थांबा जरा, डायवर," तो म्हणाला. "माझ्याकडं अशी एक मेंढी व्हती. समोरचं गवात दिसायचं, बाजूची मेंढी दिसायची न्हाई. धडका घेत चालायची. तुमाला बाजूचं दिसत न्हाई."

"दिसतं."

"तवा बी दिसत न्हवतं. वड्यावर. मेंढरं बाजूनं चढत व्हती."

ड्रायव्हरसाहेबांनी पूर्ण मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. आयुष्यात मी पुष्कळ नाटकं केली, पण इतकं वाईट काम कुणी केलेलं पाहिलं नाही.

"दिसलं होतं," ते म्हणाले. "सगळं दिसलं होतं मला. तुझा एडका दिसला होता. माज होता माझा. सरकारची गाडी होती, कशाला थांबू? जाणूनबुजून घातली गाडी. अल्लाकसम."

"न्हाई," धनगर म्हणाला.

"मी सांगतोय ना! मी मारली तुझी मेंढरं. चालवलंस ना मला दोन कोस? झाली ना सजा? दे आता."

"मस्तवाल माणसाला दिलं असतं, डायवर," धनगर म्हणाला. "म्या देणारच व्हतो. मस्ती काय, सरकार गेलं का मस्ती बी जाती. पर ह्या वाटंनं माझी मेंढरं चालतात. माझी सून चालती. डोळ्यांचं काय करू?"

मघा हसणारी माणसं आता जवळ येऊन उभी होती आणि कुणी हसत नव्हतं. ड्रायव्हरसाहेब खाली बसले, वाटेतच, मेंढरांच्या लेंड्यांत, इस्त्रीच्या कोटासकट.

आम्ही रिकाम्या हातानं परत आलो नाही. धनगरानं क्राउन आणि पिनियन दोन्ही काढू दिलं, मी गाडीखाली निजून ते सोडवत होतो तेव्हा कोकरं वरून माझ्यावर मुतत होती. पण देण्याआधी त्यानं कमरेच्या बटव्यातून बिरोबाचा भंडारा काढला आणि मला तळहात पुढं करायला लावला. त्या हिरव्या गाडीच्या चाकामागं हा माणूस कधी बसणार नाही, अशी शपथ. शपथा मी रंगमंचावर हजार वाहिल्या होत्या. तो भंडारा मात्र तळहाताला चिकटून बसला. धुतला तरी दोन दिवस पिवळा राहिला.

मिस्त्रीनं जोडी बसवली. मी सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "मला ठाऊक होतं. ते पाना उचलायला हात पुढं करतात आणि बाजूचा हातोडा पाडतात. पहिल्या दिवसापासून बघतोय."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? त्यांच्याकडे दुसरं काय आहे?"

पासिंगच्या दिवशी पहाटे आम्ही गॅरेज उघडलं, तर ड्रायव्हरसाहेब आधीच चाकामागं बसलेले. दोन्ही हात चाकावर. मिस्त्रीनं खिडकीपाशी जाऊन हळूच समजावलं. "भाईजान, गाडी तुमचीच. परमिट तुमच्याच नावावर. फक्त आज हा चालवेल. पुढंही एक पोरगा ठेवू चालवायला. तुम्ही शेजारी बसा."

"माझ्या गाडीचा ड्रायव्हर मी. नाहीतर गाडी माझी नाही."

"मी शपथ घेतलीय," मी म्हणालो.

"तू? तुझी शपथ?" ते हसले. "नौटंकी, तू सकाळी शपथ घेतोस आणि संध्याकाळी पडदा पाडतोस."

हे त्यांनी बोलायला नको होतं. हॉटेल उघडलं होतं, पहिल्या बसची गर्दी जमली होती, इन्स्पेक्टरचा कारकून चहा पीत होता. मी खिडकीच्या बाजूला, त्यांच्या कानाच्या रेषेत उभा राहिलो. ते समोर बघत होते. मी जीभ काढली. त्यांना कळलं नाही. मी दोन्ही हातांनी कान धरून गाढव झालो. त्यांना कळलं नाही. गर्दीतून पहिलं हसू फुटलं. मग मी त्यांच्या कानापाशी बोटं नाचवली, टोपी काढून त्यांच्या गालावरून ओवाळली, वाकून नमस्कार केला, लग्नातल्या विहिणीसारखा मुरडलो. सगळा स्टँड हसत होता आणि ते समोर बघत विचारत होते, "काय झालं? काय झालं रे?" मग मी मोठ्यानं म्हणालो, "साहेब, सांगा, आत्ता मी काय करतोय?"

हसणं थांबलं. सगळ्यांना एकदमच कळलं.

ते उतरले. दार हळूच लावलं, नव्या गाडीचं लावतात तसं. मिस्त्रीनं पुढं केलेला हात त्यांनी धरला नाही.

गाडी मी चालवली. इन्स्पेक्टर शेजारी बसून येरमाळ्याच्या रस्त्यावर दोन मैल आला. मागचा आस इतका गप्प होता की मलाच संशय येत होता. पहिल्या फेरीत पास. त्या संध्याकाळी ड्रायव्हरसाहेबांनी गाडी मिस्त्रीच्या नावावर लिहून दिली. मिस्त्री नको म्हणत होता, मी मध्ये बोललो नाही, कारण गाडी फार सुंदर चालत होती.

आठवड्यानं त्यांना सोलापूरला मीच सोडलं. मागं एक ट्रंक, एक वळकटी, एक हुक्का. ते डाव्या बाजूला बसले होते. वाटेत माझ्याशी बोलले नाहीत, पण चढ आला की माझ्याआधी त्यांचा डावा पाय दाबला जायचा आणि क्लच नसलेल्या फळीवर आपटायचा. सोलापूरच्या नाक्यावर मात्र बोलले.

"एक काम कर. जावयाला डोळ्यांचं सांगू नकोस. म्हण, गाडी म्हातारी झाली, विकली. म्हण, कंटाळा आला मला."

"नाही सांगणार."

"कसम?"

"कसम." आणि ही मी खरोखर पाळली. मी एक अक्षर बोललो नाही.

जावयाचं घर अरुंद गल्लीत होतं. तो धावतच बाहेर आला, सासऱ्याच्या गुडघ्यांना हात लावला, ट्रंक स्वतः उचलली. खरंच चांगला माणूस होता. दाराजवळच्या खोलीतली खाट बाहेरूनही दिसत होती, नव्या नवारीची, पांढरीशुभ्र. जावई म्हणाला, "अब्बा, गाडी तर एकदम नवीन दिसते. कुणाची?"

"यांची," ड्रायव्हरसाहेब म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. बोट माझ्या पलीकडच्या भिंतीकडे गेलं होतं. जावयानं ते पाहिलं नाही.

गाडी वळवायला जागा नव्हती. उलटंच बाहेर काढावं लागणार होतं. मी चाकामागं बसलो आणि ड्रायव्हरसाहेबांच्यात काहीतरी जागं झालं. ते गल्लीत, गाडीच्या मागं येऊन उभे राहिले, कोट खाली ओढला, एक हात वर केला. वीस वर्षं त्यांनी जहागीरदाराच्या हुकमतीत गाड्या मागं घेतल्या होत्या.

"आने दो," ते म्हणाले. आवाज असा की गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. "आने दो, आने दो. सीधा. आने दो."

त्यांच्या डाव्या हाताला एका घराचा दगडी ओटा गल्लीत हातभर पुढं आला होता. मला तो आरशात दिसत होता. स्पष्ट दिसत होता, त्यावर वाळत घातलेल्या मिरच्याही दिसत होत्या. ते ओट्याच्या शेजारीच उभे होते आणि हात हलवत होते. ब्रेकवर माझा पाय होता. मी चाक सरळ ठेवलं आणि साहेबांच्या हुकमाप्रमाणं मागं आलो.

फळ्या मोडल्याचा आवाज झाला. मिरच्या उडाल्या. कुणी बाई आतून ओरडली.

ड्रायव्हरसाहेबांचा हात अजून वर होता. "आने दो," ते एकदा आणखी म्हणाले. मग आवाज कुठून आला ते शोधायला त्यांनी पूर्ण मान वळवली, आधी चुकीच्या बाजूला. जावई दारात ट्रंक घेऊन उभा होता. तो मोडलेल्या हौद्याकडे बघत नव्हता, ओट्याकडेही बघत नव्हता. तो सासऱ्याच्या वळणाऱ्या मानेकडे बघत होता. मग त्यानं ट्रंक खाली ठेवली, जवळ आला आणि लहान मुलाचं धरावं तसं त्यांचं मनगट धरलं.

"चला, अब्बा," तो म्हणाला. "इथं पायरी आहे."